हार्ट अटॅकच्या गोळ्या: पहिल्या दिवशी चार-चार, मग रोज एकेक, असं का?

छातीत दुखतंय म्हणून ग्रामीण रुग्णालयात आलेल्या माणसाच्या ईसीजीत अटॅक दिसला की थोड्याच वेळात त्याच्या हातावर मूठभर गोळ्या येतात. ॲस्पिरिनच्या ७५ मिलिग्रॅमच्या चार, क्लोपिडोग्रेलच्या ७५ मिलिग्रॅमच्या चार, शिवाय कोलेस्टेरॉलची गोळी. घरी जाताना मात्र त्याच औषधांची रोज एकेकच गोळी लिहिलेली असते. काहींना तिसऱ्याच नावाची, दिवसातून दोनदा घ्यायची गोळी मिळते. या प्रत्येक आकड्यामागे हजारो रुग्णांवर झालेल्या चाचण्या आहेत, आणि आकडा किंवा वेळ चुकली तर त्याची किंमत रुग्ण मोजतो. कुठे एक गुठळी जास्त, कुठे एक रक्तस्राव जास्त.

हृदयाच्या रक्तवाहिनीच्या आतल्या बाजूला चरबीचा थर साचलेला असतो. तो थर फाटला की शरीराला तिथे जखम झाल्यासारखं वाटतं आणि रक्तातल्या प्लेटलेट्स तिथे चिकटायला लागतात. चिकटलेली प्लेटलेट आणखी प्लेटलेट्सना बोलावते आणि काही मिनिटांत गुठळी तयार होते. गुठळीने वाहिनी पूर्ण बंद झाली तर ईसीजीत 'एसटी'चा भाग वर उचललेला दिसतो. त्याला डॉक्टर 'स्टेमी' म्हणतात. वाहिनी अर्धवट बंद असेल तर 'एनस्टेमी' किंवा 'अनस्टेबल अँजायना'. हे तिन्ही मिळून अॅक्यूट कोरोनरी सिंड्रोम.

प्लेटलेट्स एकमेकींना बोलावतात ते मुख्यतः दोन रसायनांमार्फत. एक थ्रॉम्बॉक्सेन, दुसरं एडीपी. ॲस्पिरिन पहिलं तयारच होऊ देत नाही. क्लोपिडोग्रेल, प्रासुग्रेल आणि टिकाग्रेलॉर ही औषधं दुसऱ्याचा निरोप प्लेटलेटपर्यंत पोचू देत नाहीत. म्हणून अटॅकनंतर दोन गोळ्या लागतात, आणि म्हणूनच या तिघांपैकी एका वेळी एकच घ्यायची असते. वॉरफेरिन किंवा ॲसिट्रॉम हा रक्त न गोठण्याच्या औषधांचा वेगळा गट आहे. त्यांच्यासाठी करायची आयएनआर (रक्त गोठायला किती वेळ लागतो ती) तपासणी इथे उपयोगाची नाही.

पहिला डोस मोठा का

क्लोपिडोग्रेल रोज ७५ मिलिग्रॅमने सुरू केलं तर त्याचा पूर्ण असर यायला पाच ते सात दिवस लागतात. धोका सगळ्यात जास्त असतो तो पहिल्या काही तासांत. म्हणून सुरुवातीलाच ३०० किंवा ६०० मिलिग्रॅम एकदम देतात. यालाच लोडिंग डोस म्हणतात. ३०० दिल्यावर चांगला असर यायला सहा तास किंवा जास्त लागतात, ६०० दिल्यावर साधारण दोन ते सहा तास. लगेच अँजिओप्लास्टी (बंद वाहिनी फुग्याने उघडणं) होणार असेल आणि क्लोपिडोग्रेलच द्यायचं असेल तर ६०० देतात ते यासाठी.

ॲस्पिरिनचा लोडिंग डोस युरोपात १५० ते ३०० आणि अमेरिकेत १६२ ते ३२५ मिलिग्रॅम मानला जातो; आपल्याकडे सहसा ३०० किंवा ३२५ देतात. इथे मात्रेइतकीच घेण्याची पद्धत महत्त्वाची. आपल्याकडच्या ७५ मिलिग्रॅमच्या बऱ्याच ॲस्पिरिनच्या गोळ्यांवर पोटात न विरघळणारं आवरण असतं. ती अख्खी गिळली तर आतड्यात जाऊन विरघळेपर्यंत तास निघून जातात. साधी ३२५ मिलिग्रॅमची गोळी चावून घेतली तर थ्रॉम्बॉक्सेन निम्म्यावर यायला सुमारे ५ मिनिटं लागतात. तीच गिळली तर सुमारे १२. त्यामुळे आवरण असलेल्या चार गोळ्या हातात असतील तर त्या चावून, बारीक करूनच पोटात जायला हव्यात. चव कडू-आंबट लागते, लागू दे.

ॲस्पिरिन थोड्या मात्रेत इतकं काम कसं करतं? प्लेटलेटमध्ये केंद्रक नसतं, म्हणून बंद पडलेलं एन्झाइम ती नव्याने बनवू शकत नाही. एकदा ॲस्पिरिन लागलं की ती प्लेटलेट आयुष्यभरासाठी, म्हणजे सात ते दहा दिवसांसाठी, गप्प होते. रोज साधारण दहावा हिस्सा प्लेटलेट्स नव्या येतात आणि तेवढ्यांसाठी ७५ मिलिग्रॅम पुरतं. जास्त घेऊन जास्त फायदा होत नाही. २०१० साली प्रसिद्ध झालेल्या, २५ हजार रुग्णांवरच्या 'करंट-ओएसिस ७' चाचणीत रोज ७५ ते १०० मिलिग्रॅम आणि रोज ३०० ते ३२५ मिलिग्रॅम यांची तुलना झाली. हृदयाच्या दृष्टीने फरक पडला नाही. तरीही अनेक चिठ्ठ्यांवर वर्षानुवर्षं १५० मिलिग्रॅम चालू राहतं. त्याला खास कारण नसेल तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना जरूर विचारा.

ॲस्पिरिनची ताकद कमी लेखू नये. १९८८ च्या 'आयसिस-२' चाचणीत सतरा हजारांवर रुग्ण होते. रोज फक्त १६२.५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन महिनाभर दिल्याने पाच आठवड्यांतले हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणांनी होणारे मृत्यू ११.८ टक्क्यांवरून ९.४ टक्क्यांवर आले.

घरात कुणाच्या छातीत दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असं सुरू झालं तर आधी १०८ ला फोन. ॲस्पिरिनची ॲलर्जी नसेल, अलीकडे पोटातून किंवा मेंदूत रक्तस्राव झालेला नसेल, तर ३०० ते ३२५ मिलिग्रॅम ॲस्पिरिन चावून द्यायला हरकत नाही. क्लोपिडोग्रेल मात्र घरी देऊ नये. छातीतल्या महाधमनीला चीर गेली असेल तरी असंच दुखतं, आणि तिथे या गोळ्या जीवघेण्या ठरतात. ते ओळखायला तपासण्या आणि डॉक्टर लागतात. पाकिटात जपून ठेवलेली सॉर्बिट्रेट ही वेगळी गोळी आहे. ती रक्तवाहिन्या सैल करते, प्लेटलेट्सवर तिचा परिणाम नाही. बीपी कमी असेल किंवा सिल्डेनाफिलसारखं औषध नुकतंच घेतलं असेल तर तिने माणूस कोसळू शकतो.

दुसरी गोळी कोणती

क्लोपिडोग्रेल जुनं, स्वस्त आणि सगळीकडे मिळणारं. २००१ च्या 'क्युअर' चाचणीत ॲस्पिरिनच्या जोडीला ते दिल्यावर हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणांनी होणारे मृत्यू, अटॅक आणि पक्षाघात यांचं एकत्रित प्रमाण ११.४ वरून ९.३ टक्क्यांवर आलं. मोठा रक्तस्राव २.७ वरून ३.७ टक्क्यांवर गेला. या औषधांचा फायदा आणि तोटा असाच हातात हात घालून येतो, हे सतत लक्षात ठेवावं लागतं.

क्लोपिडोग्रेलची अडचण अशी की गोळीतलं औषध थेट काम करत नाही. यकृतातली एन्झाइम्स, त्यातही सीवायपी२सी१९ नावाचं, त्याला कामाच्या रूपात आणतात, आणि घेतलेल्यापैकी बहुतांश भाग त्याआधीच निकामी होऊन जातो. काही लोकांत हे एन्झाइम जन्मतःच मंद असतं, आणि दक्षिण आशियाई लोकांत असं आढळण्याचं प्रमाण युरोपीय लोकांपेक्षा जास्त आहे. अशांना ७५ मिलिग्रॅम घेऊनही पुरेसा असर मिळत नाही. पित्तासाठी घेतलेली ओमेप्राझोल आणि इसोमेप्राझोल याच एन्झाइमला अडवतात, म्हणून त्यांच्याऐवजी पॅन्टोप्राझोल लिहितात.

टिकाग्रेलॉरला यकृतात बदलावं लागत नाही. १८० मिलिग्रॅम लोडिंग, मग ९० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा. २००९ च्या 'प्लेटो' चाचणीत १८,६२४ रुग्णांत क्लोपिडोग्रेलच्या तुलनेत मुख्य दुर्घटना (हृदय-रक्तवाहिन्यांच्या कारणांनी मृत्यू, अटॅक, पक्षाघात) ११.७ वरून ९.८ टक्क्यांवर आल्या आणि कोणत्याही कारणाने झालेले मृत्यू ५.९ वरून ४.५ टक्क्यांवर. याच चाचणीत उत्तर अमेरिकेतल्या रुग्णांना मात्र फायदा दिसला नाही. तिथे बऱ्याच जणांची रोजची ॲस्पिरिनची मात्रा ३०० मिलिग्रॅम किंवा त्याहून जास्त होती. तेव्हापासून नियम ठरला: टिकाग्रेलॉरबरोबर ॲस्पिरिन रोज १०० मिलिग्रॅमच्या आत. आपल्याकडे ते ७५ असावं. इथे १५० ची गोळी चालत नाही.

प्रासुग्रेलचं लोडिंग ६० मिलिग्रॅम, मग रोज १०. २००७ च्या 'ट्रायटन' चाचणीत ते क्लोपिडोग्रेलपेक्षा गुठळी रोखण्यात सरस ठरलं, पण ज्यांना आधी पक्षाघात किंवा तात्पुरता पक्षाघात होऊन गेला होता त्यांना त्याने अपाय झाला. अशा माणसाला प्रासुग्रेल देतच नाहीत. पंच्याहत्तरीच्या पुढे आणि ६० किलोपेक्षा कमी वजनात फायदा-तोटा जवळजवळ सारखा झाला. म्हणून द्यावंच लागलं तर रोज ५ मिलिग्रॅम. आपल्याकडे ६० किलोखालच्या बायका आणि वयस्कर माणसं कितीतरी असतात. वजन न करता १० लिहिणं ही चूक सहज होऊ शकते. २०१९ च्या 'इसार-रिअॅक्ट ५' चाचणीत, अँजिओग्राफीसाठी घेतलेल्या रुग्णांत, प्रासुग्रेल टिकाग्रेलॉरपेक्षा सरस दिसलं: वर्षभरातल्या दुर्घटना ६.९ विरुद्ध ९.३ टक्के. नवं ते नेहमी भारी, असं इथे धरता येत नाही.

आणखी एक गोष्ट नातेवाइकांना खटकते. एनस्टेमीचा रुग्ण मोठ्या रुग्णालयात पोचतो, ॲस्पिरिन मिळतं, पण दुसरी गोळी अँजिओग्राफीनंतरच देतात. हा निष्काळजीपणा नाही. २०१३ च्या 'अॅकोस्ट' चाचणीत अशा रुग्णांना प्रासुग्रेल आधीच देऊन फायदा झाला नाही, रक्तस्राव मात्र वाढला. शिवाय अँजिओग्राफीत बायपासची गरज निघाली तर आधी दिलेल्या गोळीचा असर उतरेपर्यंत थांबावं लागतं. लवकर अँजिओग्राफी होणार असेल तर थोडं थांबणंच शहाणपणाचं.

गुठळी विरघळवणारं इंजेक्शन दिलं असेल तर

कॅथलॅब, म्हणजे अँजिओप्लास्टी करण्याची सोय, दूर असलेल्या ठिकाणी स्टेमीला आधी टेनेक्टेप्लेज किंवा स्ट्रेप्टोकायनेज देऊन गुठळी विरघळवतात. २००१ ते २००५ दरम्यान झालेल्या भारतातल्या 'क्रिएट' नोंदणीत स्टेमीच्या दर शंभरातल्या सुमारे ५८ जणांना असंच इंजेक्शन मिळालं होतं. इथे मात्रा बदलते. वय ७५ पर्यंत असेल तर क्लोपिडोग्रेल ३०० लोडिंग. ७५ च्या पुढे लोडिंग नाही, थेट ७५ मिलिग्रॅम. इंजेक्शनबरोबर वयस्कर मेंदूत रक्तस्रावाची भीती मोठी असते, आणि लोडिंगची चाचणी ७५ वर्षांपर्यंतच्या रुग्णांवरच झाली होती. टिकाग्रेलॉर आणि प्रासुग्रेल या वेळी लगेच देत नाहीत. स्टेंट (वाहिनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसल्यावर, साधारण ४८ तास उलटले की बदलाचा विचार होतो.

म्हणूनच तालुक्याहून जिल्ह्याला किंवा शहरात पाठवताना सोबतची चिठ्ठी औषधाइतकीच महत्त्वाची आहे. चांगली चिठ्ठी अशी दिसते: 'वय ५८, वजन ६८ किलो. ॲस्पिरिन ३०० मिग्रॅ चावून, सकाळी ९:१०. क्लोपिडोग्रेल ३०० मिग्रॅ, ९:१०. टेनेक्टेप्लेज ३५ मिग्रॅ शिरेतून, ९:३५. एनॉक्सापॅरिन ३० मिग्रॅ शिरेतून, ९:३५. उलटी नाही.'

या सहा छोट्या वाक्यांतून पुढच्या डॉक्टरांना काय कळतं ते पाहा. ६० ते ७० किलोला टेनेक्टेप्लेज ३५ मिलिग्रॅम, म्हणजे मात्रा बरोबर आहे. क्लोपिडोग्रेल पोटात गेलं आहे आणि किती वेळ झाला हे माहीत आहे, म्हणून पुन्हा लोडिंग द्यायचं की नाही ते ठरवता येतं. गुठळी विरघळवणारं इंजेक्शन झालं आहे, म्हणजे टिकाग्रेलॉर आज नको. एनॉक्सापॅरिन हे रक्त गोठू न देणारं औषध, तेही मिळालं आहे. उलटी नाही, म्हणजे औषध पोटात टिकलं आहे. याऐवजी 'लोडिंग डोस दिला' एवढंच लिहिलेलं असेल तर यातलं काहीच कळत नाही. मग काही ठिकाणी सावधगिरी म्हणून सगळं पुन्हा दिलं जातं, काही ठिकाणी दिलं असेल असं समजून सोडून दिलं जातं. पहिल्यात रक्तस्राव, दुसऱ्यात गुठळी. रुग्णाबरोबर जाणाऱ्या माणसाने निघण्याआधी एवढंच मागावं: औषधाचं नाव, मिलिग्रॅम आणि घड्याळातली वेळ. मॉर्फिन दिलं असेल तर तेही लिहून घ्यावं. त्याने पोटाची हालचाल मंदावते आणि गोळ्यांचा असर उशिरा येतो.

घरी गेल्यावर होणाऱ्या चुका

आपल्याकडे दोन-तीन औषधं एकाच कॅप्सूलमध्ये मिळतात, आणि त्यांची नावं फार सारखी असतात. इकोस्प्रिन-एव्हीमध्ये ॲस्पिरिन आणि ॲटोर्व्हास्टॅटिन असतं. इकोस्प्रिन गोल्डमध्ये त्या दोघांबरोबर क्लोपिडोग्रेलही असतं. क्लोपिटॅब-ए म्हणजे क्लोपिडोग्रेल आणि ॲस्पिरिन. आता रुग्णाला नव्याने टिकाग्रेलॉर सुरू झालं, पण घरातली जुनी 'गोल्ड'ची पट्टी संपवायची म्हणून तीही चालू राहिली, तर एडीपीचा निरोप अडवणारी दोन औषधं एकदम पोटात जातात. किंवा क्लोपिटॅब-एबरोबर साधं इकोस्प्रिनही चालू राहतं आणि ॲस्पिरिन दुप्पट होतं. पट्टीवरचं मोठ्या अक्षरातलं नाव वाचून हे कळत नाही. मागच्या बाजूच्या बारीक अक्षरांत प्रत्येक घटक आणि त्याचे मिलिग्रॅम असतात, ते वाचावे. औषध बदललं की जुन्या पट्ट्या दुकानात घेऊन जा आणि कोणती बंद करायची त्यावर पेनाने फुली मारून घ्या.

टिकाग्रेलॉरची रात्रीची गोळी विसरली जाते. क्लोपिडोग्रेल आणि प्रासुग्रेल प्लेटलेटला कायमची बांधतात, त्यामुळे एखादा डोस चुकला तरी असर हळूहळू उतरतो. टिकाग्रेलॉर सुटून जातं, म्हणून बारा तासांचं अंतर पाळावं लागतं. चुकलीच तर पुढची गोळी ठरलेल्या वेळी घ्यायची; भरपाई म्हणून दोन एकदम घ्यायच्या नाहीत.

टिकाग्रेलॉर सुरू झाल्यावर काहींना दम लागल्यासारखं वाटतं. 'प्लेटो'मध्ये हे प्रमाण १३.८ टक्के होतं, क्लोपिडोग्रेलवर ७.८. बहुतेकांत ते सौम्य असतं आणि पहिल्या काही आठवड्यांत ओसरतं. फुप्फुसाला इजा झालेली नसते. धोका वेगळाच आहे: माणूस घाबरून गोळी स्वतःच बंद करतो, दोन-तीन दिवसांत असर उतरतो आणि स्टेंटमध्ये गुठळी होते. अशा गुठळीत दगावणाऱ्यांचं प्रमाण फार मोठं आहे. दम लागला तर डॉक्टर आधी हृदय कमकुवत झालंय का ते पाहतील, आणि बदल करायचा ठरला तर शेवटच्या टिकाग्रेलॉरनंतर २४ तासांनी क्लोपिडोग्रेलचं ६०० मिलिग्रॅम लोडिंग देऊन बदलतील. नुसती एक गोळी बंद करून दुसरी ७५ ची सुरू केली तर मधले काही दिवस रुग्ण उघडा पडतो.

गुडघेदुखीसाठी आयबुप्रोफेन घेतलं तर ते ॲस्पिरिनच्याच जागी जाऊन बसतं आणि ॲस्पिरिनला काम करू देत नाही. शिवाय पोटात रक्तस्रावाची शक्यता वाढवतं. डायक्लोफेनॅकही टाळावं. दुखण्यावर पॅरासिटामॉल घ्यावं. क्षयाचं रिफाम्पिसिन टिकाग्रेलॉरला शरीरातून झपाट्याने बाहेर काढतं, आणि क्लॅरिथ्रोमायसिनसारखं अँटिबायोटिक त्याची रक्तातली मात्रा खूप वाढवतं. छातीच्या संसर्गासाठी दुसऱ्या डॉक्टरांकडे गेलात तर स्टेंटचं कार्ड आणि गोळ्यांची यादी आधी दाखवा.

पावसाळ्यात ताप आला तर डेंग्यू असू शकतो आणि त्यात प्लेटलेट्स आपोआपच घटतात. रक्त तपासून घ्या आणि आकडा हृदयरोगतज्ज्ञांना कळवा. स्टेंट बसून महिना झालाय की वर्ष, यावर निर्णय बराच बदलतो, तो घरी घेऊ नका. एकादशीला किंवा नवरात्राच्या उपवासात गोळी चुकवू नये, घोटभर पाण्याबरोबर घ्यावी. रोजा असेल तर टिकाग्रेलॉरच्या दोन गोळ्या सहेरी आणि इफ्तारला बसवता येतात, पण तब्येत रोजा झेपण्याइतकी आहे का ते आधी विचारावं. दात काढायचा असेल तर बहुतेक वेळा गोळ्या बंद कराव्या लागत नाहीत. दंतवैद्य जागेवर दाब देऊन रक्त थांबवतात.

मोठी शस्त्रक्रिया पुढे ढकलता येत असेल तर ढकलतात. नाहीच ढकलता आली तर क्लोपिडोग्रेल ५ दिवस, प्रासुग्रेल ७ दिवस आणि टिकाग्रेलॉर ३ ते ५ दिवस आधी थांबवतात, आणि ॲस्पिरिन शक्यतो चालूच ठेवतात. थांबवण्याची आणि पुन्हा सुरू करण्याची तारीख, दोन्ही लेखी घ्याव्यात. पुन्हा सुरू करायचं राहून जातं. काळी, डांबरासारखी शौच, लघवीतून रक्त, अचानक तीव्र डोकेदुखी झाली तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठायचं.

दोन्ही गोळ्या सहसा १२ महिने चालतात. रक्तस्रावाचा धोका जास्त असलेल्यांत हा काळ १, ३ किंवा ६ महिन्यांवर आणतात. हृदयाच्या अनियमित ठोक्यांसाठी रक्त न गोठण्याचं औषधही चालू असेल तर तिन्ही एकत्र फार थोडे दिवस, बऱ्याचदा आठवडाभरच ठेवतात आणि मग सहसा ॲस्पिरिन काढतात. अशा वेळी दुसरी गोळी क्लोपिडोग्रेलच असते. वर्षानंतर बहुतेकांना एकच गोळी उरते. पुन्हा अटॅकचा धोका जास्त आणि रक्तस्रावाचा कमी असेल अशा थोड्यांना ॲस्पिरिनबरोबर टिकाग्रेलॉर पुढे चालू ठेवतात, पण तेव्हा ९० ची नाही, ६० मिलिग्रॅमची गोळी दिवसातून दोनदा.